संशोधकाची मजुरी



ह्या व्याख्यानमालेचे चिटणीस महिन्यापूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत आले आणि पीएच.डी.विषयी बोला म्हणाले, तेव्हा त्यांचा जिना चुकला असावा असे आम्हांला वाटले. आमच्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालतात. आमचे स्वतःचे शालेय शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते सातपूरच्या कारखान्यात लेथपाशी उभ्याने आणि रात्री वाचनालयात बसून झाले. पदवीदानाचा झगा आम्ही जवळून पाहिला तो एकदाच, आणि तोही भाड्याने आणलेला होता.

चिटणीस म्हणाले, "प्राध्यापकांना बोलावले की ते संशोधनाचे माहात्म्य सांगतात. आमच्या श्रोत्यांत आईबाप पुष्कळ असतात. ह्या वाटेवर पोराला काय काय लागेल, ते त्यांना हवे आहे." तेव्हा आम्ही कबूल झालो. कारण त्या वाटेने एका मुलीच्या सोबतीने आम्ही आठ वर्षे गेलो आहोत. चालली ती, आम्ही शेजारून तिचे कागद वाचीत होतो.

ही मुलगी आमच्या एका जुन्या सभासदाची. बाप भट्टीखात्यात पंचवीस वर्षे होता; कारखाना बंद पडल्यावर एका सोसायटीत रखवालदारी करू लागला. मुलगी अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झाली, पहिल्या वर्गात आली आणि नेटही पास झाली, मात्र जे.आर.एफ. थोडक्यात हुकली. २०१६ साली पीएच.डी.च्या प्रवेशाचा अर्ज व नियमांचे बाड घेऊन ती कचेरीत आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही एवढे करारनामे वाचता, हेही वाचून द्या ना. घरात कुणाला विचारायचं?"

आम्ही शब्दकोश उशाशी घेऊन दोन रात्री ते बाड वाचले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते २०१६ चे नियम होते. वाचता वाचता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, आणि आजचे आमचे सगळे सांगणे तेवढ्या एका गोष्टीभोवतीच आहे. हा करारनामाच होता. मुदत किती, तर कमीत कमी तीन वर्षे व जास्तीत जास्त सहा. वरचा साहेब कोण, कामाचा अहवाल कधी द्यायचा, काम नापसंत झाले तर काय, नाव केव्हा कमी होणार, सारे त्यात होते. एकच कलम नव्हते, ते मजुरीचे. कारखान्यात असा करार कुणी आमच्यापुढे ठेवला असता तर आम्ही सही केली नसती. आणि इथे देशातली हुशार पोरे रांग लावून, फी भरून सही करतात! बहुतेकजण तो कागद वाचीतही नाहीत.

आता वाट कशी आहे ते सांगतो. नियम मधल्या काळात बदलले आहेत, तेव्हा आजचे सांगणे बरे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाने नवे नियम काढले. एम.फिल. बंद झाले. मुदत तीच, तीन ते सहा वर्षे. त्यावर पुन्हा नोंदणी करून दोन वर्षे मिळू शकतात, आणि स्त्रियांना व अपंगांना आणखी दोन. बाळंतपणासाठी २४० दिवसांची रजा आहे. आमच्या कित्येक भगिनींना हे ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितले. २०२४ पासून नेटचे गुण प्रवेशाला चालतात. त्यात तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर जे.आर.एफ., मध्ये साहाय्यक प्राध्यापकपणाची पात्रता, आणि खाली केवळ पीएच.डी. प्रवेशाची पात्रता. खालच्या दोन पायऱ्यांवरच्यांना परीक्षेच्या गुणांना सत्तर टक्के आणि मुलाखतीला तीस टक्के वजन, व तो निकाल प्रवेशापुरता एकच वर्ष चालतो. परीक्षा पास होऊनही मार्गदर्शक न मिळाल्यामुळे वर्ष फुकट गेलेली मुले आमच्या पाहण्यात आहेत.

कारण खरी गोम मार्गदर्शकाची आहे. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाकडे चार, असा नियम. ज्यांना निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी आहे त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे जागा मोजक्या. मग मुले काय करतात? जे गुरुजी 'हो' म्हणतील त्यांचे पाय धरतात. लग्न जुळवताना आपण सात घरी चौकशी करतो, पण सहा वर्षे ज्याच्या सहीवाचून पान हलणार नाही त्याची चौकशी करणे आम्हांला उद्धटपणाचे वाटते.

आम्ही त्या मुलीला सांगितले, "साहेब कसा आहे हे साहेबाला विचारू नये, खात्यातल्या जुन्या कामगाराला विचारावे." ती तिघा गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांना जाऊन भेटली. प्रश्न आम्ही लिहून दिले होते. तुम्हांला किती वर्षे लागली? प्रकरण वाचायला दिले तर परत किती दिवसांनी येई? मध्येच सोडून गेलेले कुणी आहे का, आणि का गेले? आज तुम्ही कुठे नोकरीला आहात? ह्या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळजण हसले, असे ती म्हणाली. त्या हसण्यातही माहिती होतीच.

दुसरी चौकशी तर घरबसल्या होते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट संस्थेने 'शोधगंगा' नावाचे भांडार उघडले आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे कुणालाही फुकट वाचता येतात. ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्यांच्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध तिथे काढून वाचावे. आम्ही वाचले. एका मार्गदर्शकांच्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत पाने की पाने सारखी होती, नुसती जिल्ह्याची नावे बदललेली. आम्ही अर्थशास्त्रातले अडाणी. पण एकाच साच्यातून काढलेला माल ओळखायला लेथवाल्याला पदवी लागत नाही. त्या गुरुजींचे नाव यादीतून गेले.

विषय तिने निवडला तो कंत्राटी कामगारांच्या वेतनाचा, आपल्याच औद्योगिक वसाहतीतला. आम्हांला आनंद झाला हे खरे. पण आम्ही तिला आडवे प्रश्नही विचारले. आकडे कोण देणार? मालक दारात उभे करणार नाहीत, कंत्राटदार हजेरीपट दाखवणार नाही. ज्या विषयाची सामग्री हाताशी नाही तो कितीही थोर असला तरी सहा वर्षांत पुरा होत नाही. अखेर आमच्या कपाटातली जुनी मागणीपत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या आणि चाळीस-पन्नास घरांच्या मुलाखती ह्यांवर तिचे काम उभे राहिले.

आता पैशाकडे येतो. ज्याला जे.आर.एफ. मिळाली त्याची गोष्ट निराळी. जानेवारी २०२३ पासून त्याला महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,००० रुपये, वर घरभाडे. कारखान्यातल्या कायम कामगारासारखी त्याची ऐट. पण ती मिळवायला वयाची अट तीस वर्षांची. स्त्रियांना व मागासवर्गीयांना पाच वर्षांची सवलत आहे. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती अशा संस्था झाल्या आहेत आणि त्यांच्या अधिछात्रवृत्त्यांवर शेकडो गरीब घरांतली मुले शिकत आहेत. ह्याच वृत्त्यांसाठी मुलांना पुण्यात आणि मुंबईत उपोषणाला बसावे लागले, आणि डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात ही मुले पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा प्रश्न भर सभागृहात विचारला गेला. प्रश्न विचारणाऱ्यांवर आम्ही रागावत नाही. दिवे लागतात की नाही हे तेल वेळेवर मिळते की नाही त्यावर पुष्कळसे अवलंबून असते.

आमच्या मुलीलाही एक वृत्ती मिळाली. कागदावर ती दरमहा होती. प्रत्यक्षात पहिला हप्ता अकरा महिन्यांनी आला, तोही एकदम. मधल्या काळात तिने शिकवण्या केल्या, बापाने सोसायटीतून उचल घेतली. असा थकलेला पगार आम्ही कारखान्यांत पुष्कळ पाहिला आहे. त्यावर व्याज कधी मिळत नाही आणि बाईला वाण्याकडे तोंड लपवून जावे लागते ते कुठे नोंदले जात नाही. म्हणून आमचे आईबापांना सांगणे असे की वृत्ती मंजूर झाली तरी पहिल्या वर्षाचा खर्च तिच्या भरवशावर धरू नका.

ह्या बाबतीत जुने उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे असे एकच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या शिष्यवृत्तीलाही करार होता. परत येऊन दहा वर्षे संस्थानची चाकरी करावयाची. मुदत संपली तेव्हा, १९१७ साली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेले सामान महायुद्धात बुडाले. बडोद्याला हुद्दा मिळाला, पण राहायला खोली मिळाली नाही. पारशी मुसाफिरखान्यातून लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढले. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. लंडनची डी.एस्‌सी. १९२३ साली झाली. कोलंबियाची पीएच.डी. मात्र प्रबंध छापून दाखल केल्यावर १९२७ साली हाती आली. १९१३ ते १९२७! येवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाला चौदा वर्षे लागली ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. पैसा, मुदत, छपाई आणि राहायची खोली ह्या चार गोष्टी आड आल्या. आजही बहुतेक प्रबंध ह्याच ठिकाणी अडतात.

मधल्या वर्षांविषयी फार बोलत नाही, कारण ती सगळ्यांची सारखीच असतात. आधी अभ्यासक्रमाचे वर्ग, मग दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे कामाचा हिशेब. फक्त एक सवय आम्ही तिला लावली, ती युनियनची सवय. तोंडी बोलणे झाले की त्याच दिवशी दोन ओळींचे पत्र पाठवायचे: 'आज आपण असे सुचवलेत, त्याप्रमाणे करीत आहे.' अहवाल दिला की पोच घ्यायची. तिचे गुरुजी मनाने चांगले होते, पण त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका लिहायला आणि परीक्षेचे पेपर तपासायला तिला बोलावीत. नाही म्हणणे सोपे नव्हते. चौथ्या वर्षी विद्यापीठाच्या कचेरीने तिचे दोन अहवाल आलेच नाहीत, नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस काढली. तेव्हा पोचेच्या कागदांची ती फाईल घेऊन ती गेली आणि दहा मिनिटांत प्रकरण मिटले. बरोबरच्या एका मुलाजवळ पोच नव्हती. त्याला सहा महिने फेऱ्या माराव्या लागल्या.

त्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रबंधाआधी एक लेख मासिकात छापून यावा लागे. पैसे भरा नि आठ दिवसांत छापून घ्या, अशा मासिकांचा त्यामुळे सुळसुळाट झाला होता. २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली, हे आयोगाने चांगले केले. उसनवारीवर मात्र २०१८ पासून नियम कडक आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते, चाळीसपर्यंत गेले तर सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यावे लागते, साठावर गेले तर नोंदणीच जाते.

मध्ये २०२० ची टाळेबंदी आली. ग्रंथालये बंद, मुलाखती बंद. मुदतवाढ मिळाली, पण वृत्ती मुदतीबरोबर वाढली नाही. २०२२ साली प्रबंध दाखल झाला. बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल सहा महिन्यांत यावेत अशी अपेक्षा असते. तिचे चौदा महिन्यांनी आले. एक परीक्षक आजारी होते असे कळले. २०२३ च्या अखेरीस तोंडी परीक्षा झाली. ती खुली असते. आम्ही आणि तिचा बाप मागच्या बाकावर बसलो. परीक्षकांनी एक प्रश्न विचारला: हे वेतनाचे आकडे तुम्ही कुणाकडून घेतले? तिने उत्तर दिले, "ज्यांना ते वेतन मिळत होतं त्यांच्याकडून." बाप आमचा हात घट्ट धरून होता.

बाहेर आल्यावर त्याने बांधलेला प्रबंध हातात घेतला आणि मुखपृष्ठावरून बोट फिरवले. मुलीच्या नावात त्याचे नाव होते. आम्हांला म्हणाला, "भाऊ, पंचवीस वर्षांत किती टन माल ओतला असेल, पण एकावर तरी आपलं नाव होतं का?" संशोधन म्हणजे मजुरी, असे आम्ही वर म्हणालो ते येवढ्यापुरते मागे घेतो. ह्या मजुरीत केलेल्या कामावर करणाऱ्याचे नाव राहते. म्हणूनच मुले ती सोसतात, आणि म्हणूनच त्यांना ती सोसायला लावणे सोपेही जाते.

आता नोकरी. इथे वाट रुंद होईल अशी सगळ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात काय आहे? विद्यापीठात साहाय्यक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. लागेल असा नियम ठरला होता, तो पुढे ढकलला गेला, आणि जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट एवढीच किमान अट राहिली. म्हणजे जी पात्रता मुलीजवळ २०१६ साली होती, तीच! अनुदानित जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत; त्यांचे काम तासिका तत्त्वावर चालते. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर नाही, मे महिना कोरडा. आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० रुपये व महिन्याला ५०,००० पर्यंत द्यावे असे सुचवले होते. तिला दोन महाविद्यालये मिळून हाती पडत ते त्याच्या निम्म्यानेही नव्हते, आणि तेही दिवाळीनंतर. आमच्या भाषेत ह्याला बदली कामगार म्हणतात. गिरण्यांत बदलीवाला सकाळी दारात उभा राही. इथे तो फळ्यापुढे उभा राहतो, एवढाच फरक.

एका संस्थेत कायम जागेची मुलाखत झाली. मुलाखत छान झाली, आणि संध्याकाळी एका गृहस्थाने बापाला फोन करून एक आकडा सांगितला. तो आकडा त्याच्या रखवालदारीच्या पंधरा वर्षांच्या पगाराएवढा होता. बाप घर विकायला निघाला. मुलगी म्हणाली, "विकलंत तर मी त्या कॉलेजात पाऊल ठेवणार नाही." आम्ही त्या गृहस्थाला सांगितले, हे लेखी द्या. अर्थातच पुन्हा फोन आला नाही, आणि नेमणुकीचे पत्रही.

कायद्याचे दार ठोठवावे म्हटले तर तेही अर्धेच उघडते. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार नव्हे. उपदान मिळायलाही शिक्षकांना कायद्यात २००९ साली दुरुस्ती होईपर्यंत थांबावे लागले. मग संशोधक विद्यार्थ्याला कोण विचारतो! परदेशांत चित्र थोडे वेगळे आहे. स्वीडन, नेदरलँड्स इथे पीएच.डी. करणारे बहुतेकजण विद्यापीठाचे पगारी नोकरच असतात. अमेरिकेत २०२२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ४८,००० संशोधकांनी व साहाय्यक शिक्षकांनी संप केला, सहा आठवडे टिकवला आणि पगारवाढ मिळवली. त्यांची संघटना कोणती, ठाऊक आहे? मोटार कामगारांची! डेट्रॉइटच्या कारखान्यांत वाढलेल्या युनियनमध्ये आज प्रयोगशाळेतली पोरे सभासद आहेत. हे वाचले त्या दिवशी आम्ही कचेरीत सगळ्यांना चहा पाजला.

तुम्ही विचाराल, मग मुलांना पाठवावे की नाही? नोकरी मिळत नाही, तोवर पीएच.डी. तरी करू, असे म्हणून जो जातो त्याला जाऊ देऊ नका. धर्मशाळेत बसल्यासारखी सहा वर्षे जातील. ज्याला एखादा प्रश्न झोपू देत नाही त्याला अडवू नका, पण पहिल्या वर्षापासूनच महाविद्यालयाबाहेरच्या नोकऱ्याही पाहायला सांगा. संशोधन संस्था, सर्वेक्षणाचे काम, बँका, कारखान्यांच्या प्रयोगशाळा, ज्याचा जो विषय तशी.

आमची मुलगी आज एका संशोधन संस्थेत आहे. २०२४ च्या जुलैत तिला नेमणूक मिळाली. पत्र घेऊन ती पेढे द्यायला कचेरीत आली. आम्ही सवयीने आधी मुदतीचे कलम पाहिले. अकरा महिने. आम्ही तिच्याकडे पाहिले, तिने आमच्याकडे. अकरा महिन्यांच्या करारात काय असते आणि बाराव्या महिन्यात मधला खंड का टाकतात, ह्यावर तिचे एक अख्खे प्रकरण आहे, पाने चाळीस! दोघेही पुष्कळ हसलो, आणि मग पेढे खाल्ले.

गेल्या महिन्यात ती पुन्हा आली होती. तिच्यासारखे अकरा महिन्यांचे तिथे बरेचजण आहेत. संघटना नोंदवता येईल का, असे विचारीत होती. नोंदणीच्या अर्जावर निदान सातजणांच्या सह्या लागतात. १९२६ च्या कायद्यात तसे होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तसेच आहे. आम्ही तिला कोरा अर्ज दिला. परवा तिचा निरोप आला. पाच सह्या झाल्या आहेत. उरलेल्या दोघांचे करार जूनमध्ये संपतात. ते झाल्यावर बघू म्हणतात.